खालच्या मजल्यावरचा मुक्काम

माझे बापूमामा आयुष्यात एकदाही लॉजमध्ये झोपले नाहीत. धर्मशाळेत नाहीत, सरकारी विश्रामगृहात नाहीत, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तर नाहीच नाही. आणि फिरले मात्र उदंड. उज्जैन, नागपूर, अमरावती, हैदराबाद, एकदा तर थेट कलकत्ता. परक्या गावात उतरायचं, स्टँडवर चहा प्यायचा, मग एखाद्या बऱ्याशा गल्लीत शिरायचं आणि ज्या घरापुढं ओटा दिसेल त्यावर वळकटी ठेवून खुशाल बसायचं. घरातलं कोणी बाहेर येऊन "कोण पाहिजे?" म्हणालं की मामा उठून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "कोणी नाही. बऱ्हाणपूरचा आहे. तुमचं मूळ गाव कोणतं?"

एवढ्या एका प्रश्नावर त्यांची रात्रीची सोय व्हायची. मूळ गाव निघालं की नदी निघायची, नदी निघाली की त्या काठचं कोणीतरी निघायचं, आणि मग कोणाच्या तरी चुलतसासऱ्यापाशी येऊन गाडी थांबायची. तोवर आतून चहा आलेला असायचा. कलकत्त्याला तर भाषाच येत नव्हती, तरी एका मारवाड्याच्या बायकोचं माहेर खंडव्याचं आहे हे त्यांनी हुडकून काढलं आणि तिथं चार दिवस वरण-बाटी खाऊन आले.

"लॉजात कायले राहायचं?" ते म्हणत. "पैसे देऊन एकटं पडायचं? त्यापरीस आपलं घर काय वाईट आहे?"

हा हिशोब ते उलट्या बाजूनंही पाळत. लालबागला, आमच्या गावच्या स्टेशनवर, गाडी चुकलेला, रस्ता चुकलेला, पोट बिघडलेला जो कोणी दिसेल त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणायचे. मामी दारातूनच विचारायची, "आज कोण?" आणि उत्तराची वाट न पाहता कणीक वाढवायची. त्या माउलीनं किती परक्यांना जेवू घातलं असेल, देव जाणे.

मी त्यांच्या बहिणीचा मुलगा. माझी आई मलकापूरला दिलेली. तिचं लग्न झालं तेव्हा मलकापूर आणि बऱ्हाणपूर एकाच राज्यात होती. मग राज्यांची फेरवाटणी झाली, मलकापूर तिकडं गेलं, बऱ्हाणपूर इकडं राहिलं, आणि आजीची लेक बसल्या जागी परराज्यात गेली. मामा ते अजून विसरले नव्हते. "नकाशावाल्यांनी आम्हाले कोठी विचारलं?" असं ते दर भाऊबीजेला म्हणायचे. मी पुढं शाळेत इंग्रजी शिकवायला बऱ्हाणपूरलाच आलो आणि मामांच्या शेजारच्या गल्लीत खोली घेतली. जेवायला अर्थातच त्यांच्याकडं.

तर अशाच एका दिवशी मामांनी सायकलवरून एक उंच, भुरका, सोललेल्या नाकाचा गोरा पोरगा आणला. युर्गन त्याचं नाव. तिकडं नुकत्याच दोन्ही जर्मनी एक झाल्या होत्या. पूर्वेकडच्या पोरांना तोवर हवं तिथं जाण्याची मुभा नव्हती, ती मिळाल्याबरोबर हा जो सुटला तो पाण्याच्या जुन्या बांधकामांचा अभ्यास करत थेट आमच्या कुंडी भंडाऱ्यापर्यंत आला. जमिनीखालून गावाला पाणी आणणाऱ्या त्या विहिरींत आमची पोरं ढुंकून बघत नाहीत, आणि हा दोर बांधून आत उतरायचा. मामांनी त्याचं नाव अर्जुनराव करून टाकलं. महिनाभर तो ओसरीत झोपला, मामीच्या हातचं तिखट खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, आणि इंग्रजी समजावून सांगायला म्हणून मामांची लेक नलू त्याच्याबरोबर विहिरी दाखवत हिंडली.

पुढच्या वर्षी तो परत आला. एका वर्षात कुंडी भंडारा काही बदललेला नव्हता, त्यामुळं तो कशासाठी आला हे सगळ्यांत आधी मामीच्या लक्षात आलं.

गावात काय काय बोललं गेलं ते सांगत बसत नाही. शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंत दुसरा विषय नव्हता. मामांचे सख्खे चुलतभाऊ सांगायला आले, "बापू, परक्याला मुलगी देतो?" मामा शांतपणे म्हणाले, "परका कसा? महिना महिना माझ्या पंगतीला जेवला. तुमच्या जावयांना लग्नाआधी कोणी जेवताना पाह्यलं होतं का?" लग्न आमच्याच अंगणात झालं. अर्जुनरावांचं डोकं मांडवाला लागत होतं.

नलू जर्मनीला, अर्जुनरावांच्या लाइपझिगला गेली. दीड-दोन वर्षांत मामी गेली. दुखणं आठ दिवसांचं सुद्धा नव्हतं. मी फोनच्या दुकानातून नलूला कळवलं. शेवटी फार त्रास झाला का, एवढंच तिनं आधी विचारलं. मग म्हणाली, "दादा, मला येता येणार नाही रे. तब्येत बरी नाही. बापूंना सांभाळ." आईच्या मयतीला लेक आली नाही म्हणून लोक पुन्हा बोलले. मामा तिच्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त स्टेशनवरून माणसं आणणं त्यांनी बंद केलं. कणीक वाढवणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी मामांच्या केळीला भाव बरा मिळाला, आणि मामा एका सकाळी माझ्या खोलीवर येऊन म्हणाले, "पासपोर्ट काढ. नलीकडं जाऊ."

स्वस्तातलं स्वस्त विमान आम्ही धरलं. ते मॉस्कोत आम्हाला अख्खा दिवस बसवून ठेवणारं होतं. तिथं मामांनी विमानतळावर झाडू मारणाऱ्या बाईला घरून आणलेला दराबा, आमच्याकडची मिठाई, खायला दिला आणि तिचं मूळ गाव विचारलं. ती काय बोलली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, पण निघताना तिनं मामांच्या कोटाचं बटण लावून दिलं.

लाइपझिगला नलू आणि अर्जुनराव स्टेशनवर आले होते. नलू बारीक झाली होती. मामांच्या पाया पडली आणि तशीच त्यांना धरून उभी राहिली. कोळशाच्या धुरानं काळ्या पडलेल्या एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. आत सगळं टापटीप. मामांसाठी वेगळी खोली, पलंगावर नवी कोरी चादर, उशाशी तांब्या-भांडं. तो तांब्या तिनं कुठून पैदा केला कोण जाणे! मामांनी सगळं घर पाहिलं, खिडक्या उघडून पाहिल्या, "छान ठेवलं माय," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. नलूनं पाणी आणून समोर धरलं.

मामांनी हात पुढं केला नाही. "नले, तू विसरली का?"

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्यात बाप लेकीच्या सासरी जेवत नाही. तिला लेकरू होईपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही. नातवंड झालं की ते घर त्याचंही झालं, मग खुशाल राहावं, खावं. हा रिवाज कोणी केला, का केला, मला माहीत नाही, आणि पटत तर मुळीच नाही. पण जुनी माणसं पाळत. लेकीकडं जाऊन शेजारच्या घरी जेवून परत आलेले बाप मी पाहिलेत. लाइपझिगला येऊनही कोणी तो पाळील असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नलूच्या तर नाहीच.

"बापू, इथं?" ती म्हणाली.

"रिवाजाला काय गाव असते का बाई?"

"मग राहणार कुठं तुम्ही?"

"पाहू. गाव मोठं आहे."

अर्जुनरावांना नलूनं जर्मनमध्ये सांगितलं. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. जवळच्या हॉटेलात खोली बघतो, असं ते मला इंग्रजीत म्हणाले. मी मामांना सांगितलं. मामांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. वळकटी त्यांनी अजून सोडलेली नव्हती. ती काखेत मारली आणि जिना उतरून गेले.

मी मागोमाग धावलो. इमारतीच्या दारापुढं दगडी पायऱ्या होत्या. मामांना तो ओटाच वाटला असणार. धोतर, गळाबंद कोट, पांढरी टोपी, काखेतली वळकटी आता शेजारी, असे ते तिथं बसले. थंड वारा सुटला होता. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. एकानं तर जवळ नाणं ठेवलं! मामांनी ते उचलून त्याच्या मागं जाऊन परत दिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मामा, चला ना वर, काय तमाशा लावलाय," मी म्हणालो. "तू जा वर," ते म्हणाले. "तू खा, पी, झोप. तू काय तिचा बाप आहेस?"

तेवढ्यात बटाट्यांची पिशवी घेऊन एक म्हातारी आली. तळमजल्यावरच्या लेमानबाई. मामा उठले, नमस्कार केला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मराठीत विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

नलू खाली आली होती. तिनं कपाळाला हात लावला. पण बाई वाट पाहत उभ्या होत्या, म्हणून तिनं नाइलाजानं विचारलं.

लेमानबाईंनी पिशवी परत घेतली नाही. त्या बोलायला लागल्या आणि थांबेनात. त्यांचं गाव पूर्वेकडं होतं. लहान असताना लढाई संपली आणि सगळ्यांना एका दिवसात गाव सोडायला लावलं. ते आता पोलंडात आहे. इतकी वर्षं या इमारतीत काढली, पण मूळ गाव कोणतं हे कोणी विचारलं नव्हतं. नलू हे सगळं सांगत होती आणि मामा मान हलवत होते.

"सांग त्यांना," मामा म्हणाले, "माझी बहीण पण अशीच एका रात्रीत परराज्यात गेली. गाव जागच्या जागी. हद्दच सरकली."

नलूनं सांगितलं. लेमानबाईंनी दार उघडलं आणि मामांना आत घेतलं.

त्यांच्याकडं एक खोली रिकामी होती. मुलगा पश्चिमेकडं कामाला गेला होता. त्या इमारतीतली अर्धी पोरं तशीच गेली होती आणि अर्ध्या खिडक्यांना पडदे नव्हते. बाई स्वतः सूतगिरणीत कामाला होत्या. देश एक झाला आणि गिरणी बंद पडली. हे ऐकल्यावर मामांनी काय करावं? वळकटी सोडली, आपल्या रजईची शिवण उसवली आणि आतला कापूस काढून बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, तंतू उजेडात धरला आणि काहीतरी म्हणाल्या. मामांनी मान डोलावली. दोघांचं काय जुळलं ते आम्हाला समजलं नाही, पण जुळलं. रजईसुद्धा मग बाईंनीच शिवून दिली.

एकदा मात्र बिनसता बिनसता राहिलं. पहिल्याच संध्याकाळी बाईंनी विचारलं, किती दिवस राहणार? मामांचा चेहरा उतरला. "आल्या आल्या जाण्याचं विचारतात का कुठं? त्यांना सांग, असं विचारत नसतात." नलूनं काहीतरी तिसरंच सांगून वेळ मारून नेली. इमारतीचा जिना झाडायची प्रत्येक घराची पाळी असायची. ती लेमानबाईंची आली तेव्हा मामांनी झाडू हातात घेतला आणि चारही मजले झाडून काढले. तिसऱ्या मजल्यावर लेकीच्या दारापुढं जरा जास्तच वेळ झाडत होते.

असे दिवस चालले. मी वर राहायचो, मामा खाली. सकाळी चहा पिऊन ते वर यायचे, बरोबर खालून भरून आणलेला आपला तांब्या. नलूच्या घरातली खिडकी अडकत होती ती त्यांनी तासून दिली. बिघडलेली शिलाई मशीन दुरुस्त केली. गप्पा मारायचे, गावातल्या बातम्या सांगायचे, तहान लागली की आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे. अन् जेवायची वेळ झाली की उठून खाली. नलू रोज त्यांचं ताट वाढायची. रोज ते माझ्याकडं यायचं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, तिथं कुठून कुठून सामान मिळवून ती करायची.

एकदा तिनं मला विचारलं, "दादा, खरं सांग. बापूंना मी केलेलं लग्न खुपतंय का रे? रिवाजाचं नुसतं निमित्त?"

"छे गं! काहीही काय!" मी म्हणालो. पण तिला पटलं नाही.

मग मीच मामांना गाठलं. जवळच्या बागेत बाकावर बसले होते. म्हटलं, "मामा, बस झालं आता. कोण बघतंय इथं? घोटभर पाणी प्यालात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मामांनी बाकावरची वाळकी पानं हातानं झाडली. मग म्हणाले, "तुले वाटते मी हट्ट करतो?"

"मग काय करता?"

"अरे, पाच वर्षं झाली तिच्या लग्नाला. लेकरू नाही. आता मी तिच्या घरी जेवायला बसलो तर त्याचा अर्थ काय होते? बापानं आशा सोडली, असा होते. लेक म्हणीन, बापू बी आता थकले वाट पाहून." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी नाही रे सोडली आशा. तिची माय असती तर तिनं बी नसती सोडली."

माझा राग तिथंच विरला. हे नलूला सांगावं असं वाटलं, पण सांगितलं असतं तर ते तिला अजूनच लागलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

रविवारी लेमानबाईंनी आलुबुखाऱ्याचा केक केला आणि आम्हा सगळ्यांना कॉफीला खाली बोलावलं. टेबलावर पांढरं कापड, चांगल्यातले कप. मामा मजेत केक खात होते. लेमानबाई हसत काहीतरी म्हणाल्या आणि मामांकडं बोट दाखवलं. नलूनं मराठीत सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, "त्या म्हणतात, वरून एवढा छान वास येतो आणि तुम्ही माझे उकडलेले बटाटे काय खाता? लेकीकडं का जेवत नाही?"

"सांग की त्यांना," मामा तोंड पुसत म्हणाले. "आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही."

नलूनं त्यांच्याकडं पाहिलं. इतके दिवस ती अडचणीची वाक्यं फिरवून सांगायची. या वेळी फिरवलं नाही. जर्मनमध्ये ते वाक्य फार छोटं झालं.

लेमानबाईंनी काटा खाली ठेवला. त्यांनी नलूकडं पाहिलं, मग अर्जुनरावांकडं, आणि हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. अर्जुनरावांनी नकारार्थी मान हलवली. नलू उठली. "मी येते," म्हणाली आणि वर निघून गेली. जिन्यावरून तिची पावलं ऐकू येत राहिली, मग दार लागल्याचा आवाज आला.

"काय झालं? काय म्हणाल्या त्या?" मामा मला विचारत होते. मला तरी काय ठाऊक?

अर्जुनराव उठले. खुंटीवरचा मामांचा कोट काढून त्यांनी मागून धरला, मामांचे हात त्यात घातले, आणि बऱ्हाणपुरात शिकलेल्या तेवढ्याच मराठीत म्हणाले, "बापू, चला."

आम्ही चालत गेलो. एका मोठ्या फाटकातून आत शिरलो. उंच झाडं, आखीव वाटा, जागोजागी नळ आणि पाणी घालायच्या झाऱ्या टांगलेल्या. "बाग झकास ठेवली आहे," मामा म्हणाले. मग त्यांना ओळीनं उभे केलेले दगड दिसले. अर्जुनरावांनी एक झारी भरून घेतली. एका कोपऱ्यात लहान लहान वाफ्यांची रांग होती, त्यातल्या एकापाशी ते थांबले. जांभळी फुलं लावलेली, आणि वीतभर दगड.

"काय लिहिलं आहे?" मामांनी विचारलं.

मी वाचलं. दगडावर लागोपाठच्या दोन दिवसांच्या तारखा होत्या. तो आठवडा मला चांगला ठाऊक होता. त्याच आठवड्यात मी फोनच्या दुकानात उभा होतो.

"सिंधू," मी म्हणालो. "नाव आहे. सिंधू."

सिंधू माझ्या मामीचं नाव.

अर्जुनराव मला इंग्रजीत सांगत होते, मी मामांना मराठीत. नलूला दिवस गेले होते. सुखरूप होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. मामी गेल्याचा फोन आला आणि त्याच धक्क्यात ती वेळेआधीच बाळंत झाली. मुलगी झाली. तिनं तिला आईचं नाव दिलं. पोरगी एक रात्र जगली. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, आता मूल होणार नाही. अर्जुनराव म्हणाले, बऱ्हाणपूरला कळवू या. नलू म्हणाली, बापूंनी आत्ताच एकीला पोचवलंय, दुसरी त्यांच्यावर नको टाकायला.

मामा खाली बसले. वाफ्यातलं थोडं गवत त्यांनी उपटलं, माती सारखी केली. "आपल्यातही तान्ह्याले मातीच देतात," ते म्हणाले. "बरोबर केलं यांनी." मग त्यांना रडू फुटलं. मामी गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. अर्जुनराव त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसले, आणि दोघांनी मिळून झारीतलं पाणी घातलं.

परतताना मामांनी एकच विचारलं, "नली इथं येते?"

"दर रविवारी," अर्जुनराव म्हणाले.

इमारतीत शिरलो. लेमानबाई दार उघडून उभ्या होत्या. मामांनी त्यांना हात जोडले आणि तिथं न थांबता जिना चढू लागले. वर जाऊन दार वाजवलं. नलूनं उघडलं. डोळे सुजलेले. तिनं आमच्याकडं पाहिलं, अर्जुनरावांच्या बुटांना लागलेल्या मातीकडं पाहिलं, आणि सगळं समजली.

मामा स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसले. "नले, वाढ. भूक लागली."

"बापू..." ती मागोमाग आली. "तुमचा रिवाज..."

"रिवाज काय सांगते? लेकरू होईपर्यंत. झालं होतं ना तुले लेकरू? मग मी आजा झालो, तेव्हाच झालो." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "तीन वर्षं झाली मले आजा होऊन. आणि तू मले खाली उपाशी ठेवलं?"

घरात दुपारची खिचडी होती. नलूनं तीच गरम केली, वर तूप घातलं, पाण्याचा पेला भरून ठेवला. मामा आधी पाणी प्यायले, एका दमात सगळा पेला. मग जेवायला लागले. नलू पळी हातात घेऊन उभी होती. दुसऱ्यांदा वाढून झालं तेव्हा मामांनी हात थांबवला आणि तिच्याकडं वर पाहून विचारलं,

"कोणासारखी होती गं?"

इतक्या वर्षांत तिला हे कोणीच विचारलं नसावं. नलूनं पळी खाली ठेवली, त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली.